महाड व पोलादपूर तालुक्यांतील शालेय मानसिक आरोग्य

शालेय मानसिक आरोग्य म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलामुलींच्या भावनिक व मानसिक स्वास्थ्याचे संवर्धन, त्यातील अडचणींची वेळीच दखल आणि गरज असल्यास उपचारापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था होय. त्रास बळावण्यापूर्वी शाळेच्या पातळीवरच मिळणाऱ्या मदतीला प्रारंभिक साहाय्य असे म्हणतात. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील महाड व पोलादपूर या डोंगराळ तालुक्यांत हा विषय दोन कारणांनी महत्त्वाचा ठरतो. इ.स. २००५ पासून या परिसराने पूर, दरडी व मोठ्या अपघातांची मालिका अनुभवली आहे. आणि मनोविकारतज्ज्ञाची सेवा दूर असल्याने वाडीवस्तीवरील मुलापर्यंत नियमितपणे पोहोचणारी संस्था बहुतेक वेळा शाळा हीच असते.

## पार्श्वभूमी

महाड तालुका सावित्री नदीच्या खोऱ्यात असून महाड शहर सावित्री व गांधारी या नद्यांच्या काठी वसले आहे. रायगड किल्ला आणि १९२७ सालचा चवदार तळ्याचा सत्याग्रह यांमुळे हा तालुका इतिहासात प्रसिद्ध आहे. पोलादपूर तालुका त्याच्या आग्नेयेस सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. तेथून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे व कशेडी घाटाने खेडकडे रस्ता जातो. २०११ च्या जनगणनेनुसार महाड तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार, तर पोलादपूर तालुक्याची सुमारे ४५ हजार होती.

दोन्ही तालुक्यांतील वस्ती डोंगरउतारांवरील लहान वाड्यांत विखुरलेली आहे. भातशेती पावसावर अवलंबून असल्याने मुंबई, ठाणे व पुणे येथे नोकरीसाठी जाण्याची परंपरा जुनी आहे. घरातील कर्ता पुरुष चाकरमानी म्हणून शहरात आणि आई, आजी-आजोबा व मुले गावी अशी कुटुंबरचना येथे सर्वत्र आढळते. वडिलांची भेट गणपती, शिमगा व मे महिन्याची सुट्टी एवढ्यापुरती होते. काही मुले प्राथमिक शिक्षण गावी आणि पुढील शिक्षण शहरात नातेवाइकांकडे राहून घेतात. मुलाच्या वागण्यात बदल झाला तरी तो सलगपणे पाहणारे घरात कोणी नसते, ही या रचनेची एक बाजू आहे. आजी-आजोबा, चुलते व शेजारी यांचा आधार ही तिची दुसरी बाजू होय.

कातकरी समाजातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टी व कोळसाभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांचे शालेय वर्ष मध्येच तुटते. रायगड जिल्ह्यातील शासकीय व अनुदानित आश्रमशाळा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, पेण यांच्या कार्यक्षेत्रात येतात. आश्रमशाळेत लहान वयात घरापासून दूर राहणे हा वेगळा भावनिक अनुभव असतो आणि तेथे अधीक्षक व अधीक्षिका यांची भूमिका पालकासारखी असते.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक असतात. वाड्यांवरील अनेक जिल्हा परिषद शाळा याच प्रकारच्या, म्हणजे द्विशिक्षकी आहेत. सहावी ते आठवीच्या शाळेत १०० हून अधिक विद्यार्थी असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. समुपदेशकाचे पद मात्र या परिशिष्टात नाही.

## आपत्ती आणि मुलांचे मानसिक आरोग्य

गेल्या दोन दशकांत या परिसरात पुढील प्रमुख दुर्घटना घडल्या:

- जुलै २००५ : अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले.
- २ ऑगस्ट २०१६ : मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिशकालीन पूल रात्री पुरात वाहून गेला. दोन एस.टी. बसगाड्या व अन्य वाहने नदीत पडली.
- २८ जुलै २०१८ : आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जणांचा मृत्यू झाला. बचावकार्यात स्थानिक तरुण सहभागी होते.
- ३ जून २०२० : निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात घरे, शाळा व बागायतींचे मोठे नुकसान केले.
- २४ ऑगस्ट २०२० : महाड शहरात पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. एका चार वर्षांच्या मुलास ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर काढण्यात आले.
- २२ जुलै २०२१ : महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या आणि महाड शहराला महापुराने वेढले.

आपत्तीनंतर मुलांत दिसणाऱ्या प्रतिक्रिया वयानुसार बदलतात. लहान मुले पालकांना चिकटून राहतात, अंथरूण ओले करू लागतात किंवा पूर्वी येत असलेल्या गोष्टी विसरल्यासारखे वागतात. प्राथमिक शाळेतील मुले पोटदुखी व डोकेदुखीची तक्रार करतात, त्यांचे लक्ष लागत नाही, घडलेला प्रसंग ती खेळात पुन्हा पुन्हा मांडतात. किशोरवयीन मुले चिडचिडी होतात, गप्प राहतात किंवा धोका पत्करणारे वर्तन करतात. आपण वाचलो आणि भाऊ, बहीण किंवा मित्र वाचला नाही याची अपराधी भावनाही आढळते. १९ जुलै २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातीलच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीतील काही मुले आश्रमशाळेत असल्यामुळे बचावली. मात्र त्यांतील अनेकांनी आईवडील गमावले.

अशा प्रतिक्रिया हा आजार नव्हे. सुरक्षित निवारा, जवळच्या माणसांची सोबत आणि नेहमीची दिनचर्या परत मिळाल्यावर बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. काही मुलांत मात्र भीतीदायक आठवणी, झोपमोड व टाळाटाळ एक महिन्याहून अधिक काळ टिकते. अशा स्थितीत आघातोत्तर ताणविकृती, नैराश्य किंवा चिंताविकृती यांची तज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक ठरते. म्हणून आपत्तीनंतर शाळा लवकर सुरू करणे हा मानसिक साहाय्याचाच भाग मानला जातो. २०२१ च्या जुलैमध्ये मात्र करोना साथीमुळे राज्यातील बहुतांश वर्ग बंद होते. ग्रामीण भागातील पाचवी ते सातवीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून आणि पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून सुरू झाले. दरडी व पुराचा आघात झालेल्या लहान मुलांना त्यामुळे सुरुवातीचे काही महिने वर्गाचा आधार मिळू शकला नाही.

या भागातील आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे आपत्तीची आठवण ऋतूशी बांधलेली आहे. कोकणातील शाळा जूनच्या मध्यास, म्हणजे पावसाबरोबरच सुरू होतात आणि वर उल्लेखिलेल्या बहुतेक दुर्घटना जुलै-ऑगस्टमधील आहेत. मुसळधार पावसात दरडप्रवण वाड्यांतील कुटुंबांना शाळेत किंवा समाजमंदिरात हलविले जाते, त्यामुळे काही मुलांसाठी शाळेची इमारत हाच स्थलांतराचा निवाराही असतो. पाऊस वाढताच एखादे मूल शाळेत येईनासे झाले, वर्गात खिडकीबाहेर पाहत राहिले किंवा घरी जाण्याचा हट्ट धरू लागले, तर त्यामागे आळस नसून भीती असू शकते. घटनेला वर्षे लोटल्यावरही अशा प्रतिक्रिया वार्षिक स्मृतीच्या काळात परत येतात.

## वेळीच मदतीचे महत्त्व

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयोगटातील सुमारे सातपैकी एका व्यक्तीला मानसिक विकार असतो. सर्व मानसिक विकारांपैकी सुमारे एक तृतीयांश वयाच्या चौदाव्या वर्षापूर्वी आणि सुमारे निम्मे अठराव्या वर्षापूर्वी सुरू होतात. भारतात बंगळूरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले होते आणि त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांकडून माहिती घेण्यात आली. त्यांपैकी ८१ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल यांची चिंता वाटत असल्याचे सांगितले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,८३४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसते. घरातील कलह, अभ्यासाचा ताण, छळ, नैराश्य व व्यसन असे अनेक घटक एकत्र येतात, आणि त्यांपैकी अनेकांची चिन्हे आधीपासून दिसू लागलेली असतात.

## प्रारंभिक साहाय्याचे स्वरूप

शालेय मानसिक आरोग्याचे काम सामान्यतः तीन स्तरांत मांडले जाते. पहिल्या स्तरात सर्व विद्यार्थ्यांसाठी जीवनकौशल्य शिक्षण, खेळ, कला व भीतिमुक्त वातावरण येते. दुसऱ्या स्तरात ताणाखाली असलेल्या विद्यार्थ्यांना व्यक्तिशः किंवा लहान गटात आधार दिला जातो. तिसऱ्या स्तरात विकाराची लक्षणे असलेल्यांना तज्ज्ञाकडे पाठविले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत स्वजाणीव, समानुभूती, समस्या निराकरण, निर्णयक्षमता, परिणामकारक संप्रेषण, भावनांचे समायोजन व ताणाचे व्यवस्थापन यांचा समावेश होतो.

आपत्तीच्या किंवा अचानक आलेल्या दुःखाच्या प्रसंगी द्यावयाच्या मदतीस मानसिक प्रथमोपचार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत त्याची तीन सूत्रे दिली आहेत: पाहा, ऐका व जोडा. हीच सूत्रे रोजच्या शालेय कामातही उपयोगी पडतात.

### पाहणे

शिक्षक रोग ओळखत नाही. तो बदल ओळखतो. पुढील बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास त्यांची दखल घ्यावी असे सुचविले जाते:

- वारंवार किंवा ठरावीक दिवशी गैरहजर राहणे
- अभ्यासात अचानक घसरण, वही अपुरी राहणे
- मित्रांपासून दूर राहणे, डबा न खाणे, खेळ सोडून देणे
- कारण न सापडणारी पोटदुखी, डोकेदुखी किंवा चक्कर
- सतत चिडचिड, रडू येणे, मारामारी
- अंगावर जखमांच्या खुणा, उन्हाळ्यातही अंग झाकून ठेवणे
- मरणाविषयी बोलणे किंवा लिहिणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे

शेवटच्या दोन बाबींत दोन आठवडे थांबणे योग्य नसते. त्याच दिवशी कृती आवश्यक असते. वाचन-लेखनातील कायमची अडचण, अतिचंचलता किंवा स्वमग्नता यांची लक्षणे मात्र अचानक बदल म्हणून न दिसता सुरुवातीपासून असतात आणि ती अनेकदा ‘ढ’ किंवा ‘खोडकर’ अशा शिक्क्याखाली झाकली जातात.

### ऐकणे

मुलाशी वर्गासमोर न बोलता निवांत, परंतु इतरांच्या नजरेच्या टप्प्यातील जागी बोलावे. उपदेश, तुलना व घाईचे आश्वासन टाळावे. त्याला जेवढे सांगायचे आहे तेवढेच सांगू द्यावे, ही ऐकण्याची मूलतत्त्वे आहेत. आपत्तीनंतर मुलाला घटनेचे तपशील पुन्हा सांगावयास लावू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका सांगते. जीव द्यावासा वाटतो का, असे थेट व शांतपणे विचारल्याने तो विचार मनात रुजतो हा समज चुकीचा असून, अशा प्रश्नाने मुलाला बोलण्याची वाट मिळते. ऐकलेली गोष्ट कोणालाही सांगणार नाही असे वचन मात्र शिक्षकाने देऊ नये, कारण जिवाला धोका किंवा लैंगिक अत्याचार असल्यास ती योग्य यंत्रणेला कळविणे बंधनकारक असते.

### जोडणे

शिक्षकाने पाहिले व ऐकले तरी पुढे कोणाकडे पाठवायचे हे ठरलेले नसेल तर साहाय्य तेथेच थांबते. महाड-पोलादपूरसारख्या भागात ही साखळी साधारणपणे पालक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, आशा स्वयंसेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय व अखेरीस अलिबाग येथील जिल्हा रुग्णालय अशी असते. महाड ते अलिबाग हे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. पोलादपूरच्या वाड्यांवरून ते आणखी वाढते. एका तपासणीसाठी पालकाची दिवसाची मजुरी बुडते आणि मानसोपचारात अशा भेटी अनेक लागतात. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे आहेत.

## इतिहास

महाराष्ट्रात बालमार्गदर्शनाची सुरुवात मुंबईत झाली. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने (नंतरची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. ते भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. याच संस्थेच्या पुढाकाराने १९९६ मध्ये मुंबईत चाइल्डलाइन ही मुलांसाठीची दूरध्वनी सेवा सुरू झाली. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाणे येथे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन केली. मराठी विद्यार्थी, पालक व शिक्षक यांच्यात मानसिक आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची सवय रुजविण्यात तिचा वाटा आहे.

राष्ट्रीय पातळीवर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. मनोरुग्णालयाबाहेर, सर्वसाधारण आरोग्यसेवेतच मानसोपचार उपलब्ध व्हावा ही त्यामागील कल्पना होती. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सने केलेला प्रयोग या कार्यक्रमाचा नमुना ठरला. शाळांतील जीवनकौशल्य शिक्षण व महाविद्यालयांतील समुपदेशन हे या कार्यक्रमात नंतर समाविष्ट झाले.

## शासकीय योजना व यंत्रणा

शालेय मुलांच्या मानसिक आरोग्याशी पुढील योजना संबंधित आहेत:

- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (२०१३) : या कार्यक्रमाचा प्रारंभ महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. वैद्यकीय पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा व शाळांना एकदा भेट देतात. विकासातील विलंब, स्वमग्नता, अतिचंचलता व अध्ययन अक्षमता यांचाही तपासणीत समावेश आहे.
- राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम (७ जानेवारी २०१४) : १० ते १९ वयोगटासाठी. मानसिक आरोग्य, व्यसन व हिंसा हे विषय त्यात येतात. समवयस्क शिक्षक व किशोरस्नेही आरोग्य केंद्रे ही त्याची माध्यमे होत. महाराष्ट्रात ही केंद्रे ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात.
- शालेय आरोग्य व निरामयता कार्यक्रम (१२ फेब्रुवारी २०२०) : आयुष्मान भारत योजनेअंतर्गत प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले जाते. अकरा विषयांपैकी एक विषय भावनिक स्वास्थ्य व मानसिक आरोग्य हा आहे.
- मनोदर्पण (२१ जुलै २०२०) : करोना काळात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यासाठी सुरू केलेला उपक्रम.
- टेली मानस (१० ऑक्टोबर २०२२) : चोवीस तास विनामूल्य दूरध्वनी समुपदेशन. मराठीतही उपलब्ध.
- सखी सावित्री समिती (२०२२) : महाराष्ट्र शासनाने शाळा, केंद्र व तालुका पातळीवर स्थापन करण्याचे ठरविलेल्या समित्या. मुलींची व बालकांची सुरक्षितता, उपस्थिती व समुपदेशन ही त्यांची कामे आहेत.

आईवडिलांपैकी एक किंवा दोघेही गमावलेल्या मुलांचे पालनपोषण कुटुंबातच व्हावे यासाठी राज्यात बालसंगोपन योजना आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांबाबतचे निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते.

## कायदेशीर तरतुदी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार विद्यार्थ्यास शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे यांस मनाई आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) च्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार यांचा समावेश आहे आणि त्यानुसार पात्र विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम १८ ने शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला, तर कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते.

मानसिक त्रासाला ‘बाहेरची बाधा’ समजून देवऋषी किंवा भगताकडे जाण्याची प्रथा ग्रामीण भागात आढळते. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण व छळ करणे हा राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात मानसिक आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा अविभाज्य भाग असल्याचे सांगून शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संदर्भसेवेची व्यवस्था करावी. शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचार व धोक्याच्या चिन्हांचे प्रशिक्षण द्यावे. मदतसेवांचे क्रमांक ठळकपणे लावावेत, हे त्यांतील प्रमुख मुद्दे होत. वाड्यांवरील कमी पटाच्या शाळा दुसऱ्या गटात मोडतात. तेथे समुपदेशक शाळेत येणार नसल्याने संदर्भसेवा किती जवळ व किती खात्रीची आहे यावर या तत्त्वांचा उपयोग अवलंबून राहतो.

## परीक्षेचा ताण

दहावी व बारावीच्या निकालाचा काळ विद्यार्थ्यांसाठी विशेष संवेदनशील असतो. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ परीक्षाकाळात विद्यार्थ्यांसाठी समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते. २०१५ पासून दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी त्याच वर्षी जुलैमध्ये फेरपरीक्षा घेण्यास सुरुवात झाली, त्यामुळे वर्ष वाया जाण्याची भीती कमी झाली. २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू करण्यात आली होती. खेड्यातील विद्यार्थ्यासमोर निकालानंतर गाव सोडण्याचा प्रश्नही असतो. पुढील शिक्षणासाठी महाड, माणगाव किंवा मुंबई, की औद्योगिक वसाहतीत काम, हा निर्णय अनेकदा कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरतो. मुलींच्या बाबतीत घरापासून शाळेचे अंतर, एस.टी.ची वेळ व लवकर लग्नाचा दबाव हे घटक त्यात मिसळतात.

## परिणामकारकतेचे अभ्यास

शाळेतील मदत नेमकी कोणी द्यावी याविषयी काही महत्त्वाचे अभ्यास झाले आहेत. गोव्यातील संगाथ या संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ शासकीय माध्यमिक शाळांत ‘सेहर’ हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण दिलेल्या, परंतु तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकाने चालविलेल्या कार्यक्रमामुळे शाळेचे वातावरण सुधारले आणि नैराश्याची लक्षणे व दादागिरी कमी झाली. तोच कार्यक्रम शिक्षकांनी चालविला तेव्हा असा परिणाम दिसला नाही.

युरोपातील दहा देशांतील ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना स्वतःला चर्चा व भूमिकाभिनयातून जागरूक करणाऱ्या कार्यक्रमाने आत्महत्येचे प्रयत्न घटले. केवळ शिक्षकांना धोक्याची चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण दिल्याने लक्षणीय फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिक्षकांनी शिकविलेल्या सजगता ध्यानाचा नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा अधिक लाभ दिसून आला नाही.

या अभ्यासांवरून शिक्षकाची भूमिका गौण ठरत नाही. मुलातील बदल सर्वप्रथम त्यालाच दिसतो. मात्र अध्यापन, मूल्यमापन, पोषण आहार, नोंदी व निवडणूक अशी कामे सांभाळणाऱ्या शिक्षकावर समुपदेशनाचीही जबाबदारी टाकली, तर ते काम कागदावर राहण्याचा धोका असतो, असा अर्थ त्यांतून काढला जातो. काही शाळांसाठी मिळून एक प्रशिक्षित व्यक्ती, ठरलेल्या दिवशी तिची भेट आणि तिच्यामागे जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञ, अशी रचना विखुरलेल्या वस्तीस अधिक अनुरूप मानली जाते.

## मर्यादा

भारतात दर एक लाख लोकसंख्येमागे एकाहून कमी मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि बालमनोविकारतज्ज्ञ त्याहूनही थोडे आहेत. त्यांपैकी बहुतेक शहरांत काम करतात. दूरध्वनी सेवेमुळे अंतराची अडचण काही प्रमाणात दूर होते, परंतु डोंगरातील वाड्यांवर संपर्कजाळे खंडित होते आणि लहान मुलाकडे स्वतःचा फोन नसतो. पाहुण्यांसमोर किंवा गावात बोभाटा होईल या भीतीने पालक मुलाला मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्याचे टाळतात. आपत्तीनंतर येणारी मदत प्रामुख्याने अन्न, निवारा व घरबांधणी या स्वरूपाची असते आणि काही महिन्यांत ओसरते. मुलांच्या मनातील परिणाम मात्र पुढील अनेक पावसाळ्यांत जाणवू शकतात. तळीये येथील आपद्ग्रस्त कुटुंबांना पुनर्वसनाची घरे मिळेपर्यंत तात्पुरत्या कंटेनर घरांत राहावे लागले होते. अशा दीर्घ संक्रमणकाळात मुलाच्या जीवनात न बदललेली गोष्ट म्हणजे अनेकदा त्याची शाळा, वर्गमित्र व शिक्षक एवढीच असते.

## मदतसेवा

- टेली मानस : १४४१६
- चाइल्डलाइन : १०९८
- मनोदर्पण : ८४४८४४०६३२
- तातडीची मदत (पोलीस, रुग्णवाहिका) : ११२

## हेही पाहा

- महाड तालुका
- पोलादपूर तालुका
- तळीये
- मानसिक आरोग्य
- समुपदेशन
- मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम